सूचना : वणव्याचा धूर आणि उभी पिके
सर्व सभासदांना कळविण्यात येते की, वणव्याचा धूर शेतावर साचला असता त्यातील सूक्ष्म कण ऊन अडवतात, त्यामुळे दुपारचे तापमान उतरते व जमिनीतील ओल सावकाश सुकते. म्हणून पाण्याची पाळी नेहमीच्या अंदाजाने न देता वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबून पाहूनच द्यावी. विरळ धुरात विखुरलेला प्रकाश खालच्या पानांपर्यंत पोहोचतो, हा खरे तर लाभच. मात्र दाट धुरात प्रकाशसंश्लेषण मंदावते आणि धुरातील वायूंपासून बनणारा ओझोन पर्णरंध्रांतून शिरून पानांना इजा करतो. वाइनसाठी द्राक्षे घेणाऱ्यांनी नुसत्या चवीवर विसंबू नये, तोडणीपूर्वी मणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत, कारण धुरातील द्रव्ये मण्यांतील साखरेशी बांधली जातात व धुरकट वास बहुधा रस आंबल्यावरच उघड होतो.