तुझ्या तेलाचा दोष नाही, आई

पणजी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल फोनवर सईच्या गळ्यातल्या गाठीचं बोलताना आई रडायला लागली आणि माझाही आवाज फुटेना, म्हणून लिहायला बसले. बाबा, हे तिला मोठ्याने वाचून दाखवा.

आई, तू सईच्या गळ्याला खोबरेल चोळायचीस, त्याने काही झालेलं नाही. दृष्टही लागलेली नाही. बाळ पोटात असताना थायरॉइड ग्रंथी जिभेच्या मुळाशी तयार होते आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास गळ्यात खाली उतरते. उतरायची वाट मग बुजून जाते. सईची थोडी राहिली, तिथे पाणी साठून गाठ झाली. मला पोटही दिसायला लागलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट.

उलट, गाठ ओळखलीस तू. इथे एका डॉक्टरांनी सर्दीची गाठ म्हणून दोनदा अँटिबायोटिक दिलं, जीभ बाहेर काढून दाखवायलाही सांगितलं नाही. त्याचा मला अजून राग येतो. मेमध्ये डिचोलीला अंगणात जांभळं खाऊन सईने तुला जीभ दाखवली आणि तू ओरडलीस, "अगो, हिच्या गळ्यातली ती काजूबी वर सरकली बघ!" जीभ बाहेर काढली की वर सरकते, या गाठीची खूण तीच.

बांबोळीच्या हॉस्पिटलात ऑपरेशन करताना गाठीबरोबर हनुवटीखालच्या लहान हाडाचा मधला तुकडाही काढला. सिस्ट्रंक नावाच्या सर्जनने १९२० मध्ये मांडलेली रीत अजून तीच आहे, कारण नुसती गाठ काढली तर ती पुन्हा येण्याची भीती असते. कॅन्सर कळला तो नंतर, बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये. पॅपिलरी प्रकारचा. अशा शंभर गाठींत एखादीतच तो निघतो, मुलांत तर फारच क्वचित. पण हा हळू वाढणारा असतो आणि यातून मुलं चांगली बरी होतात. तिची थायरॉइड आणि सगळ्यांच्याच गळ्यात असतात त्या लसीका ग्रंथी सोनोग्राफीत स्वच्छ आल्या, म्हणून सध्या दुसरं ऑपरेशन नाही. दर सहा महिन्यांनी तपासणी मात्र चुकवायची नाही.

व्रण बोटभर आहे, अजून गुलाबी. आरशासमोर मान वर करून ती तो बघत असते. परवा हळूच विचारलं, "जांभळं जास्त खाल्ली म्हणून झालं का गं? आजी रागावलीय का?" मी नाही म्हटलं, पण तिला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय.

चवथीला येतोय. गणपतीवर फळा-फुलांची माटोळी बांधताना तिला हाताशी घ्या, बाबा. डॉक्टरांनी कशालाच मनाई केलेली नाही.

तुमची,
बाय