सुबारू घ्यायची का इव्हो

लातूर

बाळ्या,

तुझ्या दोन्ही गाड्यांच्या जाहिराती नीट बघितल्या. फोनवर सांगायला गेलो तर तू मधीच तोंड घालतोस म्हणून सरळ लिहायलोय. मेलबर्नला राहून ट्यून केलेली सुबारूची एसटीआय नाहीतर मित्सुबिशीची इव्हो नाईन घ्यायचीय तुला, घे बाबा, आमच्या नशिबी इथं पिकअपचे टर्बो खोलणं. पण टर्बो शेवटी टर्बोच, ऑइल कमी पडलं की शाफ्ट डुगडुगायला लागतो, तिथं लातूर काय अन् मेलबर्न काय.

आधी तो आकडा डोक्यातून काढ. सुबारूवाला ताकद २९० किलोवॅट लिहितोय अन् इव्होवाला २६०, अन् तू लगेच सुबारूच्या पाठीमागं. अरे, पण चाकावर मोजलेत का इंजनवर? कोणत्या डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनवर? थंडीत सकाळी मोजलेत का भर उन्हाळ्यात? तीच गाडी दुसऱ्या डायनोवर चढवली की आकडा लगेच हलतो.

मला विचारशील तर खरा प्रश्न उष्णतेचा आहे. टर्बो हवा दाबतो, दाबली की हवा तापते, तापलेली हवा विरळ, वरून इंजन नॉक मारतंय, म्हणजे आत इंधन आपोआप भडकून ठोके पडतात, मग ईसीयू (इंजनचा कॉम्प्युटर) ठिणगीचं टायमिंग मागं घेतो अन् तुझे किलोवॅट गायब. म्हणून तर ती दाबलेली हवा गार करायला इंटरकूलर. आता सुबारूनं तो ठेवलाय इंजनच्या डोक्यावर, बॉनेटवरच्या त्या खाचेतून हवा येणार. पळताना ठीक आहे, पण सिग्नलला उभा राहिलास की खालून इंजनची सगळी वाफ त्याच्यातच, मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत झोपल्यासारखं. इव्होचा इंटरकूलर समोर बंपरमागं, सरळ वाऱ्याच्या तोंडावर. तुझ्याकडं पण उन्हाळ्यात चाळीसच्या वर जातंय म्हणालास, मग विचार कर. सुबारूला समोर इंटरकूलर बसवता येतो, लोक बसवतात पण, फक्त पाइप लांबतात अन् खर्च वाढतो.

दुसरं म्हणजे पोटातलं सामान. इव्होचं इंजन ४जी६३, म्हणजे दोन लिटरचं, बिडाचा ब्लॉक, जड पण दणकट, कंपनीतूनच १९-२० पीएसआयच्या आसपास बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) घेऊन निघायचं. सुबारूचं अडीच लिटरचं ईजे२५७, ॲल्युमिनियमचा ब्लॉक, सिलिंडर आडवे झोपवलेले, त्यानं वजन खाली राहतं अन् गाडी वळणावर मस्त बसते, हे मी मान्य करतोच. पण ट्यूनमध्ये नॉकिंग राहिलं की पिस्टनमधली रिंगांच्या खाचेची भिंत तुटते, या इंजनचं हे दुखणं जगजाहीर आहे. अन् प्लग बदलायचे म्हणलं तर ते बाजूला चेसिसच्या रेलकडं तोंड करून, हात घालायला जागा नाही, बोटं सोलून निघतात. गिअरबॉक्स मात्र सुबारूचा सहा स्पीडवाला लई भक्कम. इव्होत उलटं आहे, पाच स्पीडवालाच दमदार मानतात, सहावाला नाजूक, तेवढं बघून घे.

आता तुझा तो लाडका सुबारूचा आवाज. तू पहिल्यापासून सुबारूवाल्या रॅली ड्रायव्हर मॅक्रेचा भक्त, १९९५ चं ते जागतिक रॅलीचं विजेतेपद अजून छातीवर घेऊन फिरतोस, (माझा मॅकिनेन १९९६ ते ९९ सलग चार वर्षं, इव्होतच, हे सोयीनं विसरतोस). पण तो सुबारूचा धडधड आवाज मुळात एक्झॉस्टच्या पाइपांची लांबी कमीजास्त असल्यानं येतोय, अन् तू बघितलेल्या गाडीला सारख्या लांबीचे हेडर (इंजनमधून धूर बाहेर नेणारे पाइप) बसवलेत, जाहिरातीतच लिहिलंय. म्हणजे ज्याच्यासाठी घ्यायलास तेच काढून टाकलंय त्यानं!

इव्होवाल्यानं ई८५ ची, म्हणजे ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉलवाल्या इंधनाची ट्यून केलीय, ते मला आवडलं. इथेनॉलला ऑक्टेन, म्हणजे नॉक न मारता दाब सोसायची ताकद जास्त, वरून वाफ होताना उष्णता ओढून घेतं, नॉकिंग दबतं. पेट्रोलपेक्षा तीसेक टक्के जास्त लागतं, खिसा सांभाळ, इंजेक्टर अन् पंप मोठे टाकलेत का विचार. इकडं आपल्या उसाच्या इथेनॉलला लोक ई२० (पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल) म्हणून शिव्या घालायलेत, ॲव्हरेज पडलं म्हणून, अन् तिकडं रेसवाले तेच शोधत फिरतात, काय बोलावं.

माझं मत इव्हो. पण पैसे द्यायच्या आधी लीकडाउन टेस्ट (सिलिंडरमधून हवा गळते का ते) करून घे, इंजन गरम असताना ऑइल प्रेशर बघ, अन् ट्यूनरकडचा लॉग, म्हणजे गाडी पळताना नोंदवलेले आकडे माग, नॉक अन् एअर-फ्युएलचे (हवा-इंधनाच्या प्रमाणाचे). लॉग द्यायला कां-कूं केलं की उठून ये, मग ती कोणतीही गाडी असो. जुनी गाडी आहे, मित्सुबिशीनं इव्हो कधीच बंद केली, पार्ट शोधत बसायची तयारी ठेव. लॉग आला की मला पाठव, रात्री दुकान बंद झाल्यावर बघतो.

काकू परवा विचारायल्या होत्या, कसली गाडी घ्यायलाय म्हणून. चार दारं, मागं डिकी, फॅमिली गाडी आहे म्हणलं. खोटं तर काही नाही त्यात.

तुझा
गोट्या