नानुकचा वाटा

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा एकदम गप्प झाले. लेक पांढऱ्या अस्वलाचं मटण जेवली, हे तुमच्या गळी उतरलं नाही. म्हणून सगळं लिहून कळवते.

पाँड इनलेटमध्ये, म्हणजे कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या या गावात, बंदूक उचलली आणि अस्वल मारलं, असं चालत नाही. 1973 साली पाच देशांनी ओस्लोत अस्वलं वाचवायचा करार केला, त्यात इथल्या मूळच्या लोकांचा शिकारीचा हक्क राखला. गावाला वर्षाला ठरावीक परवाने मिळतात, पिल्लांसोबतची मादी मारायची नाही. नानुक म्हणजे इथल्या भाषेत पांढरं अस्वल. नानुकबद्दल फुशारकी मारू नये, त्याला ऐकू जातं, असं म्हातारी माणसं सांगतात.

आमच्या दवाखान्यातल्या दुभाषी बाईंच्या मुलाला यंदा परवाना मिळाला. घरात जमिनीवर पुठ्ठे अंथरलेले. बाईंची आई उलू घेऊन बसलेली. उलू म्हणजे अर्धचंद्रासारख्या पात्याची सुरी, मूठ वर मधोमध. कातड्याला भोक पडू नये म्हणून चरबी खरवडताना तिची डाव्या हाताची बोटं खालून चाचपत सरकत होती. आई, विळीवर सुरमई कापताना तू बोलायची थांबतेस ना, अगदी तशी ती.

तब्येतीची काळजी करू नका. सीलचं, कॅरिबूचं (इकडच्या रानटी रेनडिअरचं) मांस ही माणसं कच्चंही खातात, नानुकचं मात्र चांगलं उकळून. त्यात ट्रिकिनेला नावाचे जंत असतात आणि इकडचे जंत गोठवूनही मरत नाहीत. कलेजी तर कुत्र्यांनाही घालत नाहीत, अ जीवनसत्त्व इतकं की विषच. 1597 साली रशियाच्या उत्तरेकडच्या नोवाया झेमल्या बेटांवर अडकलेल्या डच खलाशांनी ती खाल्ली, तर अंगाची सालं निघाली होती.

मग वाटे पडले. बाबा, आजोबांच्या वेळची डुकराची पारध तुम्ही किती वेळा सांगितलीत! रानात न गेलेल्याच्या दारातही वाटा पोचायचा. इथे आधी म्हाताऱ्यांच्या घरी गेला, मग मला, चार महिन्यांपूर्वी आलेल्या परक्या पोरीला. नको कशी म्हणू?

फार चविष्ट होतं असं नाही. काळपट लाल, जाड धाग्याचं, चरबीला उग्र वास. पण वाडगाभर पाणी प्यायले त्याचं, आणि बोटांत ऊब आली.

रविवारी फोन करते. बाबा, बोला हं माझ्याशी.

तुमची,
सुमी