चि. सायलीस: टीव्ही, गॅलगा आणि दोन गोळ्या

निपाणी

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

गॅलगा या किडे टिपायच्या जुन्या गेममध्ये पाचव्या स्टेजच्या पुढं जाता येत नाही, माझे हातच मंद आहेत, असं तू लिहिलंस. हाताचं नंतर बघू. आधी तुमच्या टिळकवाडीच्या खोलीतला टीव्ही बघ.

सोपी परीक्षा आहे. निन्टेन्डोचा स्विच, म्हणजे तुझं गेमचं यंत्र, टीव्हीला जोडणाऱ्या डॉकमधून काढ आणि त्याच्याच स्क्रीनवर गॅलगा खेळ. तिथं विमान बटणाबरोबर हलतंय आणि टीव्हीवर मागून आल्यासारखं वाटतंय, तर दोष टीव्हीचा. पक्कं मोजायचं असेल तर मोबाईलचा स्लो मोशन २४० फ्रेमवर लाव. अंगठा आणि टीव्ही दोन्ही दिसतील असं शूटिंग कर आणि बटण दाबल्यापासून विमान हलेपर्यंतच्या फ्रेम मोज. एक फ्रेम म्हणजे साधारण ४.२ मिलिसेकंद. २४ फ्रेम भरल्या तर १०० मिलिसेकंद गेले. गेम सेकंदाला ६० चित्रं काढतो, म्हणजे तू सहा चित्रांपूर्वीची गोळी चुकवायला बघतेस. अशानं कोण वाचणार?

उपाय टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्येच आहे. गेम मोड चालू कर. तो नसेल तर त्या एचडीएमआय इनपुटचं नाव बदलून पीसी ठेव, काही टीव्ही तेवढ्यानंसुद्धा चित्रावरची बरीचशी प्रक्रिया बंद करतात. सिनेमा गुळगुळीत दिसावा म्हणून असलेलं मोशनचं सेटिंग बंद कर, शार्पनेस कमी कर. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर ओव्हरस्कॅन बंद कर. कानाला ब्लूटूथ हेडफोन लावू नकोस. त्यात आवाज मागं राहतो, आणि गॅलगात किडा सूर मारतो ते डोळ्यांआधी कानाला कळतं. टीव्हीची ही सेटिंगं प्रत्येक इनपुटला वेगळी करावी लागतात. केबल दुसऱ्या पोर्टला लावलीस की पुन्हा पहिल्यापासून.

आता चित्राचा आकार. गॅलगा नामको कंपनीनं १९८१ साली काढला, उभ्या बसवलेल्या पडद्यासाठी: रुंदी २२४ पिक्सेल, उंची २८८. तुमच्या ४३ इंची टीव्हीची उंची साधारण ५३ सेंटिमीटर, म्हणून चित्र जेमतेम ४० सेंटिमीटर रुंद येतं आणि दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहते. ती रिकामीच राहू दे. ताणून पूर्ण पडदा भरलास तर किडे चपटे दिसतील आणि आडवं अंतर डोळ्याला खोटं वाटेल. १०८० ओळींत २८८ बसवायच्या तर पावणेचार पट होतात, त्यामुळं काही ओळी जाड, काही बारीक दिसतात. नेमकं तिप्पट ठेवलं तर ८६४ ओळी भरतात, वर-खाली थोडी काळी पट्टी येते, पण चित्र रेखीव. भिंतीवरचा टीव्ही आडव्याचा उभा करायच्या भानगडीत पडू नकोस. उभं चित्र हवं असेल तर स्विचच उभा धर, नामको म्युझियम या गेमच्या संग्रहात चित्र फिरवायची सोय आहे.

गॅलगाला जॉयस्टिकची दांडी नको, फक्त डावी-उजवी बटणं पुरे. दांडी थोडी हलवल्याशिवाय काम करत नाही, आणि तेवढ्यात गोळी लागते.

आता खेळ. पडद्यावर तुझ्या एकावेळी दोनच गोळ्या राहतात. ऑटोफायर, म्हणजे आपोआप गोळ्या सोडायची सोय, लावून काही फायदा नाही. नेम चुकला की ती गोळी वरपर्यंत जाऊन नाहीशी होईस्तोवर तुझ्याकडं एकच उरते, दोन्ही चुकल्या तर नुसतं बघत बसायचं. शत्रू जवळ असला तर गोळी लवकर लागते, म्हणून पटकन दुसरी मिळते. रागानं बटण बडवणारा लवकर मरतो तो याच्यामुळं.

एका स्टेजमध्ये ४० शत्रू, आठ-आठच्या पाच तुकड्यांत येतात. येण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. पाठ कर आणि तुकडी आत शिरत असतानाच मार. एकदा वर रांगेत जाऊन बसले की सूर मारायला लागतात आणि मग तुला पळावं लागतं. निम्मे आत येतानाच गेले तर बाकीची स्टेज सोपी जाते. तिसरी, सातवी, अकरावी स्टेज बोनसची असते. तिथं कुणी गोळी झाडत नाही. चाळीसच्या चाळीस टिपलेस तर १०,००० गुण.

वरच्या रांगेतल्या हिरव्या बॉसला दोन गोळ्या लागतात, पहिलीनंतर त्याचा रंग बदलतो. तो खाली येऊन किरण सोडतो आणि विमान ओढून नेतो. हातात निदान एक लाइफ शिल्लक असेल तेव्हाच मुद्दाम पकडून घे. शेवटच्या लाइफवर पकडली गेलीस तर गेम संपला. नंतर तोच बॉस लाल विमान घेऊन सूर मारतो, त्या वेळी बॉसला मार, विमानाला नको. विमान परत येऊन शेजारी जोडलं जातं आणि गोळ्या जोडीनं सुटतात. बॉस रांगेत बसला असताना मारलास तर ते विमान तुझ्यावरच उलटतं. जोडी झाली की रुंदी दुप्पट होते. फटीतून निसटायची सवय तेवढ्यापुरती सोड, नाहीतर एक पंख हमखास जातो. सूर मारणाऱ्या बॉसबरोबर दोन सोबती असताना तो मारलास तर १,६०० गुण, एकटा असला तर ४००. पण सोबती आधी मारून जीव वाचवणं नवशिक्याला जास्त बरं.

गॅलगा झाला, आता ग्रेडियस. कोनामी कंपनीच्या २०१९ च्या संग्रहात आठ गेम आहेत. ग्रेडियस त्यात नेमेसिस नावानंही दिसेल, तोच तो. १९८५ चा. खाली पट्टी असते: स्पीड, मिसाईल, डबल, लेझर, ऑप्शन आणि शेवटी ढाल. वाटेत सापडणारी लाल कॅप्सूल घेतली की पट्टी एक घर पुढं सरकते, पॉवरचं बटण दाबलं की ते घर तुझं. स्पीड दोनदा घे, फार तर तिसऱ्यांदा, त्यापुढं विमान डोंगरात जाऊन आदळतं. तू जितकी बळकट होतेस तितका गेमही कडक होत जातो, आणि मेलीस की सगळी पॉवर जाऊन मागून सुरुवात. म्हणून सेव्हची सोय वापरायची असेल तर ती इथं वापर: अवघड जागेच्या जरा आधी सेव्ह करून, बिनपॉवर विमान घेऊन तेवढाच तुकडा घोटायचा. गॅलगात मात्र सेव्ह नको, तिथं लय तुटते.

अनिकेतला स्पेस इन्व्हेडर्स हवाय म्हणालीस. तो टाइटो कंपनीचा १९७८ चा, नामकोच्या संग्रहात शोधू नकोस. त्याला एवढंच सांग की ५५ शत्रूंपैकी दर फ्रेमला एकच हलतो. म्हणूनच कमी उरले की पळायला लागतात, आणि शेवटचा सगळ्यात जोरात. गोळ्या मोजत राहा म्हणावं: तेविसाव्या गोळीला वरची तबकडी पाडली तर ३०० गुण, नंतर दर पंधराव्या गोळीला.

बाजारात मिळणारी, टीव्हीला लावायची शेकडो गेमची काडी कुणी देतो म्हणाला तरी घेऊ नकोस. त्यातला गॅलगा बहुतेक जुन्या घरगुती मशीनचा असतो. ओळखायची खूण: गुण वर नसून उजव्या बाजूला दिसतात.

डॉकला मोबाईलचा चार्जर लावू नकोस. टीव्हीवर चित्र यायला १५ व्होल्ट, २.६ अँपिअर लागतात, ते मूळ अ‍ॅडॉप्टर देतो. करंट गेला तर स्विच त्याच्या बॅटरीवर चालतो, गेम मरत नाही. डॉकमधून काढून पॉज कर. वळवाच्या पावसात गडगडायला लागलं की अ‍ॅडॉप्टर भिंतीतून काढ आणि टीव्हीची डिशची वायरही. पावसाळ्यात बटणं चिकटायला लागली तर कापसाच्या बोळ्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन कडेनं पुसायचं, बंद करून.

रविवारी येशील तेव्हा अ‍ॅडॉप्टर आणि एचडीएमआयची केबल घेऊन ये. तुझ्या टीव्हीवर मधूनच चित्र काळं होतं म्हणालीस, ते बहुतेक केबलचं दुखणं आहे, आपल्या टीव्हीला लावून बघू.

तुझे
पप्पा