बल्बमध्ये नेमकं काय संपतं?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग जरा ओशाळलो. "वीज बल्बमध्येच संपते, तर दुसरी तार कशाला लागते?" लेकीनं विचारलं आणि 'सर्किट पूर्ण व्हावं लागतं म्हणून' असं सांगून तू मोकळा झालास. आपणही शाळेत हेच घोकलं होतं, मार्कही मिळाले होते. पण हे काही उत्तर नव्हे. तिचाच प्रश्न तू जड शब्दांत तिला परत दिलास, बस्स.

तिला सायकल उलटी उभी करून पेडल हातानं फिरवायला सांग. मागचं चाक लगेच फिरतं, पण चेन काही संपत नाही. जितक्या कड्या चाकाकडे जातात तितक्याच परत येतात. तारेतल्या इलेक्ट्रॉनांचं तसंच. बल्बच्या आधी धारा (विजेचा प्रवाह) मोजणारा अ‍ॅमीटर लाव किंवा नंतर लाव, काटा त्याच आकड्यावर. मग संपतं काय? घटातली रासायनिक ऊर्जा. 1.5 व्होल्टचा घट म्हणजे त्यातून निघणाऱ्या दर कूलॉम प्रभारामागे (कूलॉम हे विद्युतभाराचं माप) 1.5 ज्यूल ऊर्जा. ती बल्बमध्ये उजेड आणि उष्णता होऊन निघून जाते. इलेक्ट्रॉन मात्र सगळेच्या सगळे परत.

आता तिला चक्रावून टाकायचं असेल तर हे सांग. 1 चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून 1 अँपिअर धारा जाते तेव्हा सेकंदाला सहावर अठरा शून्यं इतके इलेक्ट्रॉन एका जागेवरून पुढे जातात. तरी त्यांचा पुढे सरकण्याचा सरासरी वेग सेकंदाला 0.1 मिलिमीटरसुद्धा नाही. मीटरभर जायला जवळजवळ पावणेचार तास! घरातल्या विजेत तर ते पुढे जातच नाहीत. सेकंदाला 50 किंवा 60 वेळा जागच्या जागी मागेपुढे होतात, तेही मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी. दिवा तरी बटण दाबताच लागतो, कारण तार आधीपासूनच इलेक्ट्रॉनांनी भरलेली असते. चेन ओढली की सगळ्या कड्या एकदमच हलतात ना, तसं.

ओहमचा नियम (व्होल्ट वाढले की धाराही त्याच प्रमाणात वाढते) तिच्या पुस्तकात आहे, त्यावर शाई घालवत नाही. एवढंच सांग, की तापमान तेच राहिलं तरच तो लागू पडतो. तारेचा बल्ब पेटला की त्या तारेचा रोध, म्हणजे धारेला होणारा अडथळा, थंड असतानाच्या दसपट तरी होतो, त्यामुळे बल्बवर हा नियम पडताळायला गेलं की पोरांची उत्तरं हमखास चुकतात.

मला खरं लिहायचंय ते चुंबकाबद्दल. 1820 मध्ये कोपनहेगनच्या ऑर्स्टेडला दिसलं, की तारेतून धारा सोडली की जवळची चुंबकसूची (होकायंत्राची सुई) वळते. मी हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा सूची ढिम्म हलेना. घट बदलला, तार घासून पुसून जोडली, काही नाही. उलट तारच इतकी तापली की बोटांना चटका बसला. घोळ असा, की मी तार सूचीवर आडवी, पूर्व-पश्चिम धरली होती. चिडून बाजूला करताना ती सूचीला समांतर झाली आणि सूची गर्रकन फिरली. तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र गोल कड्यांसारखं असतं. तार उत्तर-दक्षिण असेल तर तिच्याखाली ते पूर्व-पश्चिम होतं आणि सूचीला बाजूला ढकलतं. तार आडवी धरली की क्षेत्र सूचीच्याच रेषेत येतं. मग सूची एक तर जागची हलत नाही, नाही तर पूर्ण उलटते. उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम पाठ करून मला जे उमगलं नव्हतं ते त्या चिडचिडीत उमगलं.

मग उलटा प्रश्न आला: विजेनं चुंबकत्व होतं, तर चुंबकानं वीज का होऊ नये? जिनिव्हाच्या कोलाडाँनं 1825 मध्ये हा प्रयोग केला. चुंबकाचा परिणाम गॅल्व्हॅनोमीटरवर, म्हणजे बारीक धारा काट्यानं दाखवणाऱ्या यंत्रावर, होऊ नये म्हणून त्यानं तो दुसऱ्या खोलीत ठेवला. कुंडलात (तारेच्या वेटोळ्यात) चुंबक घालायचा आणि चालत जाऊन काटा बघायचा. तो पोचेपर्यंत काटा परत शून्यावर! किती काळजी घेतली बिचाऱ्यानं, आणि त्या काळजीनंच घात केला. 1831 मध्ये फॅरेडेनं तेच पकडलं. लोखंडी कड्यावर दोन कुंडलं गुंडाळली. एकाला बॅटरी जोडताना दुसऱ्याच्या काट्याला झटका, काढताना उलट दिशेनं झटका, मधल्या वेळात काही नाही. चुंबकीय क्षेत्र नुसतं असून भागत नाही, ते बदलावं लागतं. विद्युतजनित्र (जनरेटर) आणि रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), दोन्ही या 'बदलण्यावर' चालतात. म्हणूनच रोहित्राला प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारी धारा लागते. स्थिर दिष्ट (एकाच दिशेची) धारा दिली तर ते नुसतं तापतं.

बदलत्या चुंबकीय क्षेत्रानं निर्माण होणाऱ्या धारेची दिशा कुठली, हे 1834 मध्ये लेंझ या शास्त्रज्ञानं सांगितलं: जो बदल तिला जन्म देतो, त्यालाच ती विरोध करते. तांब्याला चुंबक चिकटत नाही हे तुला ठाऊक आहे. तरी तांब्याच्या उभ्या नळीत जोरदार चुंबक सोड. मीटरभर उंचीवरून गोटी अर्ध्या सेकंदाच्या आत खाली येते. चुंबक मात्र लिफ्टमध्ये बसल्यासारखा कित्येक सेकंद सावकाश उतरतो. वरून डोकावून बघ, नळीला न शिवता मधोमध डुलत चाललेला दिसतो. पडण्यातून मिळायची ती ऊर्जा नळीत धारा होऊन उष्णतेत जाते. विरोधाऐवजी मदत झाली असती, तर चुंबक अधिक जोरात पडला असता, धारा आणखी वाढली असती, आणि फुकटची ऊर्जा मिळाली असती, जे कधीच होत नाही.

लेकीसाठी मात्र नळीपेक्षा सोपी गोष्ट घे. मोडक्या खेळण्यातली छोटी मोटर काढ. तिला डोळे मिटून मोटरचा दांडा चिमटीत फिरवायला लाव. तू मधूनच मोटरच्या दोन तारा एकमेकींना चिकटव आणि सोड, न सांगता. तारा केव्हा जुळल्या ते ती बोटांच्या जोरावरून ओळखेल, कारण तेव्हा दांडा जड होतो. मग तिला विचार, बल्ब लागतो तेव्हा काय खर्च होतं. काय म्हणाली ते मला कळव.

तुझाच,
जुना बाकमित्र

ता. क. हे सगळं लहान घटावरच करा, भिंतीतल्या प्लगला हात लावायचा नाही. आणि घटाची दोन टोकं तारेनं सरळ जोडलीस तर दोन सेकंदांत सोड, माझी बोटं अजून आठवण काढतात.