टाकीतली खळखळ नव्हे, पाण्यातला प्राणवायू मोजा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गृहनिर्माण संस्थांमधील सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प बंद पडल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात आणि त्या यायलाच हव्यात. मात्र ‘चालू’ अशी नोंद असलेले प्रकल्पही खरोखर काम करत असतातच असे नाही, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आमच्या संस्थेत पाहणीच्या वेळी टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राचा, म्हणजे ब्लोअरचा, आवाज येतो का आणि टाकीतले पाणी खळखळते का, एवढेच बघितले जाते. खळखळ जितकी जोरात तितका प्रकल्प उत्तम, असा रहिवाशांचा आणि देखभाल करणाऱ्यांचाही समज झाला आहे, आणि तो घातक आहे.

सांडपाण्यातील घाण खाणारे जिवाणू पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात, आणि हा प्राणवायू मुख्यतः बुडबुड्यांच्या पृष्ठभागातून पाण्यात उतरतो. तेवढीच हवा 10 मिलिमीटरऐवजी 1 मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यांतून सोडली, तर त्यांची संख्या हजारपट आणि एकूण पृष्ठभाग दहापट होतो. मोठा बुडबुडा सेकंदाला वीस-पंचवीस सेंटिमीटर किंवा त्याहूनही वेगाने वर येऊन फुटतो आणि त्यातला बहुतेक प्राणवायू वातावरणात परत जातो.

ढवळलेल्या पाण्यात तर लहान बुडबुड्याचे वागणे फार लक्षणीय असते. भोवऱ्यात सापडलेला वाळूचा कण बाहेर फेकला जातो. बुडबुडा पाण्याहून हलका असल्यामुळे कमी दाबाच्या मध्याकडे ओढला जातो, तिथे काही काळ अडकतो, खाली जाणाऱ्या प्रवाहात जास्त वेळ रेंगाळतो आणि त्यामुळे स्थिर पाण्यातल्यापेक्षा सावकाश वर चढतो. हा रेंगाळण्याचा वेळ प्रक्रियेसाठी मोलाचा असतो. अर्थात, भोवऱ्यात गोळा झालेले बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठेही होतात, आणि पाण्याची घुसळण पुरेशी जोरकस असेल तर मोठे बुडबुडे पुन्हा फुटतात. पृष्ठताण आणि प्रवाहाचा जोर यांच्या या झटापटीत जास्तीत जास्त किती मोठा बुडबुडा टिकेल, याचा हिशेब प्रवाहशास्त्राचे अभ्यासक हिंझे यांनी 1955 मध्येच मांडला होता.

म्हणून टाकीत हवा कुठून आणि कशी सोडली जाते, याला महत्त्व आहे. डिफ्यूझर, म्हणजे ब्लोअरची हवा बुडबुड्यांच्या रूपात पाण्यात सोडणारी तळाची साधने, एकाच भिंतीलगत बसवले, तर तिथले पाणी एकजुटीने वर उसळते, बुडबुड्यांनाही वेगाने वर घेऊन जाते आणि उरलेल्या टाकीला फारसा प्राणवायू मिळत नाही; तळभर पसरलेले डिफ्यूझर तेवढ्याच हवेत अधिक काम करतात. डिफ्यूझरचा रबरी पडदा फाटला की त्या जागी ताटाएवढा फुगवटा सतत वर येताना दिसतो, आणि आजूबाजूचे बारीक बुडबुडे विरळ होतात. नवख्याला तीच जागा सर्वांत ‘जोमदार’ वाटते, प्रत्यक्षात ती दुरुस्तीला आलेली असते. साबण आणि डिटर्जंट बुडबुड्यावर थर धरतात आणि प्राणवायू पाण्यात उतरण्याची गती मंदावते, त्यामुळे वरचा पांढरा फेस पाहूनही काहीच ठरवता येत नाही.

अशा प्रकल्पाच्या वीजबिलाचा मोठा हिस्सा, बहुधा निम्म्याच्या आसपास, हवा सोडण्यावरच खर्च होतो. तेव्हा पाहणी करणाऱ्यांना विनंती आहे की, विरघळलेला प्राणवायू मोजण्याचे मीटर टाकीत किमान दोन-तीन ठिकाणी आणि वेगवेगळ्या खोलीवर बुडवून वाचन घ्यावे, ते लिटरला साधारण 2 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर कारण विचारावे, आणि ही नोंद संस्थेच्या सूचनाफलकावर लावणे बंधनकारक करावे. नव्या निविदांतही ब्लोअरच्या अश्वशक्तीबरोबर एका युनिट विजेमागे किती किलो प्राणवायू पाण्यात उतरेल, याची हमी मागितली जावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अभियंता, पुणे