तळपाय तपासणीसाठी वर्गणी : आमच्या तालमीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

यंदा गणपतीत आमच्या मंडपासमोर साउंड सिस्टीम लागणार नाही. त्या पैशांत लोकांच्या कातडीच्या कॅन्सरची तपासणी करायचं ठरलं आहे, आणि ते पैसे पुरणार नाहीत हे पहिल्याच बैठकीत कळलं, म्हणून हे पत्रक.

आमच्या एका जुन्या वस्तादांच्या टाचेवर काळसर डाग होता. चपलेचा रंग उतरला असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. पुढे सगळ्यांनी त्याला कुरूप ठरवलं. वस्तादांनी ते ब्लेडने तासलं, बिब्बा लावला आणि कुस्तीच्या हौद्यात उतरत राहिले. वर्षभराने जांघेत अवधाण आलं, म्हणजे गाठ सुजली. एका दवाखान्यात सांगितलं, पायाला काही लागलं असेल, उतरेल. तुकडा काढून तपासायला गेला तोवर मेलानोमा, म्हणजे कातडीतल्या रंगपेशींचा कॅन्सर, टाचेपुरता राहिला नव्हता.

तालमीत येणारा एक पोरगा पॅथॉलॉजी, म्हणजे पेशी तपासून रोग ओळखायचं शास्त्र, शिकतोय. वस्ताद गेल्यावर त्याने आम्हाला हे सगळं आमच्याच भाषेत सांगितलं. ते सांगितल्याशिवाय पैसे कशाला लागतात हे समजणार नाही.

कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या मेलानोसाइट पेशी असतात. अशी एकेक पेशी आजूबाजूच्या तीस-चाळीस केराटिनोसाइट पेशींना (वरचा थर बहुतेक याच पेशींचा असतो) रंग पुरवते आणि जवळच्या पेशींना घट्ट धरून बसते. ही पकड म्हणजे ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन. समोरूनही ई-कॅडहेरिनच आलं तर पकड चांगली बसते, तोलाला तोल मिळाल्यासारखी. जपानच्या ताकेइची या शास्त्रज्ञांच्या गटाने १९८४ मध्ये कॅडहेरिन हे नाव दिलं. पकड टिकायला कॅल्शियम लागतं, म्हणून नावात 'कॅ'. (कॅल्शियमच्या गोळ्या खाऊन कॅन्सर टळत नाही. कट्ट्यावर दोघांनी विचारून झालंय.)

पण ही पकड म्हणजे नुसता डिंक नव्हे. तिच्यातूनच शेजारच्या पेशी मेलानोसाइटला वेसण घालतात. मेलानोमात बहुतेकदा ई-कॅडहेरिन कमी होतं, जोड सुटते. गडी नुसता मोकळा होऊन थांबत नाही, तो एन-कॅडहेरिन पुढे करून नवी जोड धरतो. ती खालच्या थरातल्या, तिथली जाळी विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींशी आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराशी असते. शिवाय इंटिग्रिन नावाची प्रथिनं, विशेषतः अल्फा-व्ही बीटा-३, त्याला खालच्या जाळीत पाय रोवायला मदत करतात. इतके दिवस कातडीत आडवा पसरणारा डाग आता खोल उतरू लागतो. तिथून लसीकावाहिन्या (अंगातला पाझर गाठींकडे नेणाऱ्या बारीक नळ्या) लांब नसतात, आणि पायाचा रोग जांघेत पोचतो तो त्याच वाटेने.

अमेरिकेतल्या विस्टार संस्थेत २००० च्या सुमारास एक प्रयोग झाला. मेलानोमाच्या पेशींना ई-कॅडहेरिन परत दिल्यावर त्या पुन्हा केराटिनोसाइटच्या धाकात आल्या, आणि आत घुसायला लागणारी प्रथिनंही त्यांच्यात कमी झाली. हे ऐकून आम्ही विचारलं, मग हेच औषध का नाही देत? नव्या जोडी तोडणारी औषधं माणसांवर तपासून झाली आहेत, पण रोजच्या उपचारात अजून आलेली नाहीत. आज तरी पकड सुटण्याआधी गाठणं एवढंच आपल्या हातात आहे. डाग किती खोल गेला हे मिलिमीटरात मोजायची पद्धत ब्रेस्लो या डॉक्टरांनी १९७० मध्ये मांडली, ती आजही चालते. १ मिलिमीटरच्या आत सापडला तर बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेनेच बरे होतात. ४ च्या पुढे गेला की चित्र पार बदलतं.

मेलानोमा गोऱ्यांचा रोग, असं आपल्याकडे डॉक्टर नसलेले सगळेच सांगतात. आपल्या कातडीत तो एकूण कमीच, हे खरं. पण होतो तेव्हा अनेकदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली, जिथे उन्हाचा फारसा संबंधच नाही. गगनबावडा-राधानगरीकडे भाताच्या चिखलात अनवाणी उभं राहणाऱ्याचा तळपाय बघणार कोण?

दुसरी काळजी गुऱ्हाळांची. काहिलीतला उकळता रस अंगावर उडून भाजलेले गुळवे (गूळ करणारे) आणि चुलवाणावर भाजलेले जळवे (जाळ घालणारे) या भागात कमी नाहीत. भाजल्याच्या जुन्या व्रणात काही वेळा वीस-तीस वर्षांनी न भरणारी जखम होते आणि ती स्क्वॅमस पेशींचा, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा, कॅन्सर निघू शकते. त्यातही ई-कॅडहेरिन जितकं कमी, तितका तो गाठींकडे जाण्याचा धोका जास्त. नाकाडोळ्याजवळचा बेसल पेशींचा कॅन्सर मात्र सहसा आपली जागा सोडत नाही, आजूबाजूचं खातो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी येतात. अडतं त्याच्या आधी. योजनेच्या खिडकीशी जायला निदानाचा कागद लागतो, आणि तो कागद मिळेपर्यंत रोजगार बुडतो, एसटीचं भाडं जातं, तुकडा तपासायचे पैसे जातात. माणूस तिथूनच माघारी फिरतो. आमची वर्गणी या मधल्या टप्प्यासाठीच आहे : हातात धरायचे दोन डर्मोस्कोप (डाग मोठा करून बघायची भिंगं), संशयित डागाच्या बायोप्सीचा (तुकडा काढून तपासण्याचा) आणि तिच्यावरच्या खास रंगतपासण्यांचा खर्च, रुग्णासोबत एका माणसाचं येण्याजाण्याचं भाडं. दसऱ्यानंतर गुऱ्हाळं पेटली की करवीर आणि पन्हाळ्याच्या बाजूने सुरुवात करायची आहे.

पैसे जमतील तेवढे द्या, शंभरही चालतील. इतर तालमींनी आणि मंडळांनी एका रात्रीच्या डॉल्बीचे दिले तर आमचं निम्मं काम होईल (हे टोमणा म्हणून घेतलं तरी हरकत नाही). त्वचारोगतज्ज्ञांनी महिन्यातला एक रविवार द्यावा. गुऱ्हाळमालकांनी आदण (काहिलीतला एक घाणा) उतरल्यावर माणसांना अर्धा तास मोकळं सोडावं. ज्यांच्याकडे टेंपो आहे त्यांनी डिझेल आमच्याकडून घ्यावं, गाडी आपली आणावी.

तालमीत रोज संध्याकाळी ७ ते ९ कुणीतरी असतं. पावती तिथेच मिळेल, पावतीशिवाय कुणाच्या हातात पैसे देऊ नका. दर महिन्याचा हिशोब दारावरच्या फळ्यावर लागेल, रुग्णांची नावं मात्र लागणार नाहीत. येताना घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन या. चपला बाहेर काढायच्याच आहेत, तेवढ्यात तळपायही बघून होतील.